हमी नको, धीर हवा

ओसीडी हा आजार कॉलेजच्या दिवसांपासून माझ्या सोबतीला आहे. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, पेशा शिक्षिकेचा. या आजारात नको असलेली शंका, विचार किंवा चित्र मनात घुसतं, जीव कासावीस होतो आणि ती तगमग शमवायला माणूस तीच ती कृती करत राहतो. कुणी हात धुतो, कुणी कुलूप ओढून बघतो, कुणी मनातल्या मनात आकडे मोजतो. माझी मुख्य कृती होती विचारणं. गॅस बंद आहे ना? मार्कांची बेरीज बरोबर आहे ना? मी कुणाचं वाईट तर केलं नाही ना?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळलं, म्हणजे हजारात आठ माणसं. यातली बरीच माणसं आपल्या ओळखीची असतात, पण बोलत नाहीत. उपचारांमुळे आज माझं घर, शाळा, प्रवास सगळं चालू आहे. या वाटेवर जे हाती लागलं ते अशा न बोलणाऱ्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे. सांगायचं एकच: ओसीडीत खात्री मागून बरं वाटत नाही. धीर लागतो, आणि तो स्वतःला द्यायला शिकता येतो.

१. शंका फेडून फिटत नाही

‘अहो, गॅस बंद आहे ना?’
‘हो, मी स्वतः बघितला.’

या उत्तराने सुटल्यासारखं वाटतं. मग मनात येतं, यांनी नुसतं बटण बघितलं असेल, रेग्युलेटर बघितला नसेल. म्हणून पुन्हा विचारायचं. या वेळी उत्तर जास्त ठाम हवं असतं. पुढच्या वेळी त्याहून ठाम. दिलासा हे सावकाराचं कर्ज आहे: आजची नड भागते आणि उद्याचं देणं वाढतं.

यामागची यंत्रणा समजली तेव्हा मला फार मोठा आधार मिळाला. उत्तर मिळताच तगमग उतरते, आणि त्यातून मेंदू धडा घेतो की धोका खरा होता, विचारलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर, आणखी जोरात इशारा देतो. विचारलं नाही तरी तगमग काही वेळाने आपोआप उतरते, हे अनुभवण्याची संधीच त्याला मिळत नाही. ती संधी देणं हा उपचाराचा गाभा आहे.

२. दिलासा अनेक वाटांनी मागितला जातो

तोंडाने विचारणं थांबवलं की आजार दुसरी वाट शोधतो. शेगडीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं, रात्री गूगलवर ‘असं वाटणं म्हणजे वेड लागणं का’ हे शोधत बसणं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तो निर्धास्त आहे ना याचा अंदाज घेणं. बहिणीला फोन लावून सगळी हकिगत सविस्तर सांगायची आणि ती ‘बरं’ म्हणाली की हायसं वाटून घ्यायचं. डॉक्टरांना तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा.

सर्वांत लपलेली वाट मनातली. झालेला प्रसंग पहिल्यापासून आठवायचा, प्रत्येक हालचाल तपासायची, आपण निर्दोष आहोत हे स्वतःला पटवायचं. बाहेरून माणूस शांत बसलेला दिसतो आणि आत खटला चालू असतो. आपण दिलासा कुठे कुठे मागतो याची यादी करा आणि त्यात हेही लिहा. जे आपण ओळखत नाही, ते थांबवता येत नाही.

३. ‘काही होणार नाही’ हे सांगणंही कृती बनतं

सकारात्मक विचार करा, हा सल्ला आपल्याकडे सगळ्यांकडून मिळतो. सामान्य काळजीत तो चालतोही. ओसीडीत मात्र ‘काही होणार नाही, मी चांगली आहे, सगळं ठीक आहे’ ही वाक्यं शंका आली की म्हणायची, ठरावीक पद्धतीने म्हणायची, मधेच वाईट विचार आला तर पहिल्यापासून म्हणायची, असं होऊ लागतं. तेव्हा ते वाक्य हात धुण्याच्या जागी येऊन बसलेलं असतं.

विचार दाबूनही भागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षा त्यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. सगळ्यांच्याच मनाची रचना अशी आहे. मनातून विचार हाकलता आला नाही म्हणून स्वतःला दुबळं ठरवण्याचं काही कारण नाही.

४. स्वतःला सांगायची वाक्यं धीराची असावीत

माझ्या उपयोगी पडलेली वाक्यं देते. ही जशीच्या तशी घ्यावीत असं नाही, आपल्या घरच्या बोलीत बसवावीत.

‘ही ओसीडीची शंका आहे. मी हिला ओळखते.’
‘असेलही, नसेलही. मला आत्ता ते ठरवायचं नाही.’
‘छातीत धडधडतंय. हे सहन होतं, आधीही झालं आहे.’
‘उत्तर न मिळताच मी वर्गावर जाणार आहे.’

यात कुठेही ‘काही होणार नाही’ अशी हमी नाही. आपण काय सोसू शकतो आणि पुढे काय करणार, एवढंच आहे. वाक्य धीराचं आहे की हमीचं, हे ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे. ते एकदा म्हणून मी कामाला लागू शकते का? लागले, तर ते धीराचं. पुन्हा म्हणावंसं वाटलं, तर त्याला आजाराने पकडलं आहे आणि ते सोडून द्यायचं.

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत पोचवण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांचं लेखन आणि १९९० मध्ये सुरू झालेली ठाण्याची आयपीएच ही संस्था यांचा मोठा वाटा आहे. त्या विचारातून मी एक गोष्ट उचलली. ‘मला खात्री हवीच’ हा माझा हट्ट होता. ‘खात्री असती तर बरं वाटलं असतं, नसली तरी माझं चालतं’ असं म्हणायला लागले आणि मनातला ताण सैल झाला.

५. काळजी किती घ्यायची ते शांत असताना ठरवावं

उत्तरपत्रिका तपासताना बेरीज पुन्हा बघणं हे शिक्षकाचं कामच आहे. मग आजार कुठे सुरू होतो? नियमात जेवढी तपासणी आहे ती माझी जबाबदारी, त्यापुढची प्रत्येक तपासणी आजाराची, अशी रेघ मी आखली. बेरीज, एक फेरतपासणी, सही, गठ्ठा बंद. घरी झोपण्याआधी रेग्युलेटर एकदा बंद करायचा आणि स्वयंपाकघराचा दिवा घालवायचा.

ही रेघ घाबरलेल्या मनाने आखू नये. सुटीच्या दिवशी, चहा घेताना, घरच्या माणसाशी किंवा उपचारकाशी बोलून आखावी आणि लिहून ठेवावी. शंका आली की नवा निर्णय घ्यायचा नाही. ठरलेलं पाळायचं.

६. मनात येणं म्हणजे करणं नव्हे

हा मुद्दा लिहिताना मला सर्वांत जास्त माया वाटते, कारण इथे माणसं एकटी पडतात. विळीवर भाजी चिरताना एखाद्या आईच्या मनात शेजारी खेळणाऱ्या लेकराला इजा करण्याचं चित्र येतं. देवळात उभं असताना घाणेरडी शिवी मनात उमटते. ती आई मग विळीला हात लावत नाही, लेकराला जवळ घेत नाही आणि आतल्या आत जळत राहते.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की असे विचित्र, नकोसे विचार आजार नसलेल्या बहुसंख्य लोकांच्याही मनात येतात, आणि ते आशयाने ओसीडीतल्या विचारांपेक्षा फार वेगळे नसतात. त्यांच्या मनातून ते निघून जातात. ओसीडीच्या माणसाच्या मनात अडकतात, कारण तो त्यांना भयंकर अर्थ देतो. ज्या लेकरावर जीव आहे त्याच्याविषयीच हे चित्र येतं आणि म्हणूनच ते इतकं छळतं. हे विचार मानसोपचारतज्ज्ञांनी ऐकलेले असतात. त्यांच्यासमोर ते बोलून दाखवणं ही लाजेची गोष्ट नाही, धाडसाची आहे. मी स्वतःला म्हणते, ‘हा नुसता विचार आहे. याला असू दे. मी भाजी चिरते.’

७. श्रद्धा आणि आजार यांतला फरक बघावा

आमच्या भागात शेगावच्या गजानन महाराजांवर लोकांची अपार श्रद्धा आहे. दासगणूंनी लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय घरोघरी वाचले जातात. मीही वाचते. आजार जोरात असताना एक शब्द अडखळला की अध्याय पहिल्यापासून सुरू करायचा, नाहीतर घरावर संकट येईल, असं वाटायचं. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात सोवळं मोडलं की काय या शंकेने पुरणाचं पातेलं तसंच राहायचं.

आता मी स्वतःला विचारते: हे करताना मन भक्तीने भरतं आहे की भीतीने आवळतं आहे? भीती असेल, तर अडखळलेला शब्द तसाच ठेवून पुढची ओवी वाचायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगून ठेवलेलं बरं. माझ्या सासूबाईंनीच मला सांगितलं, देवाला तुझं मन पाहिजे, तुझी परीक्षा नाही. त्यांचं हे वाक्य मी एकदाच ऐकलं. ते पुन्हा पुन्हा वदवून घ्यायला त्यांच्याकडे गेले नाही.

८. स्वच्छतेलाही शेवट असतो

अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही. महानच्या काटेपूर्णा धरणावर शहराची भिस्त, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि घरात भरून ठेवलेले ड्रम. अशा घरात एका माणसाचं हात धुणं संपत नाही, तेव्हा भांडण पाण्यावरून होतं आणि आजाराचं नावही कुणी घेत नाही. ‘पाणी वाया घालवतं’ एवढंच ऐकू येतं. धुणाऱ्यालाही लाज वाटते आणि थांबताही येत नाही.

स्वच्छता म्हटली की मला गाडगेबाबा आठवतात. ते आमच्या अमरावती जिल्ह्यातले, १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेले. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. बाबा गावात आले की हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचं झाडणं लोकांसाठी होतं, आणि ते संपवून ते पुढच्या कामाला लागत. आजारातलं धुणं कुणासाठीच नसतं. त्याने हातांची सालं निघतात आणि मन तेवढंच मळकट वाटत राहतं. म्हणून ‘हात स्वच्छ झाले का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. ‘हात धुऊन झाले, आता जेवायला बसायचं’ एवढंच म्हणते.

९. भीतीच्या दिशेने पायरी पायरीने जावं

ओसीडीवरच्या सर्वांत परिणामकारक मानसोपचारात भीती वाटणाऱ्या प्रसंगाला ठरवून सामोरं जायचं असतं आणि नेहमीची कृती करायची नसते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये अशा उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर जगभर ही पद्धत विकसित झाली.

माझी मोठी भीती गाडी चालवण्याची. अमरावतीहून अकोल्याला जाताना चाकाखाली दणका बसला की वाटायचं, कुणाला उडवलं तर नाही? मग गाडी वळवून बघायचं. त्या रस्त्याला तेव्हा खड्डेच खड्डे होते. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला. माझी शंका जागची हलली नाही. दणका नसला तर झाडाची सावली पुरायची. तेव्हा मला पुरतं उमगलं की शंकेचं मूळ रस्त्यात नव्हतं, आणि बाहेरचं जग कितीही सुरळीत केलं तरी ती मिटणार नव्हती.

उपचारकाबरोबर मी पायऱ्या लिहिल्या. आधी गल्लीत, मग बडनेऱ्यापर्यंत, मग मूर्तिजापूर, मग बोरगाव मंजूवरून थेट अकोला. नियम दोन: गाडी वळवायची नाही, आणि घरी पोचून कुणाला विचारायचं नाही. पहिल्या पायऱ्यांवर हात थरथरले. मी मोठ्याने म्हणायचे, ‘शंका आहे, खात्री नाही, गाडी पुढे चालली आहे.’ हा सराव एकट्याने अवघड पायरीपासून सुरू करू नये. जाणकार माणूस सोबत असावा.

१०. घरच्यांनी उत्तर देऊ नये, जवळ बसावं

घरचे लोक प्रेमापोटी उत्तर देतात. माझी आई शंभरदा सांगायची, ‘बंद हाये म्हनलं ना पोरी, कायले घाबरतं?’ मग थकून रागवायची. दोन्हींनी आजारच वाढतो. उपचारकांनी तिला आणि माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या संमतीने नवं उत्तर ठरलं. आता आई म्हणते, ‘मले मालूम हाये तुले त्रास होऊन रायला. ह्या प्रश्नाचं उत्तर मी नाई देत. पन मी अठीच बसतो तुह्याजवळ.’

या बोलण्यात नकार आहे आणि मायाही आहे. नुसता नकार दिला तर आजारी माणसाला टाकून दिल्यासारखं वाटतं. उत्तर देणं एका दिवसात बंद करू नये, ठरवून हळूहळू कमी करावं. ‘आता एकदाच सांग’ म्हणत आपण रडू लागलो तरी घरच्यांनी ठरलेलं पाळावं, म्हणून ही बोलणी आधी होणं महत्त्वाचं. आणि ज्या दिवशी न विचारता झोपलो, त्या दिवशी घरच्यांनी तसं बोलून दाखवावं. त्या कौतुकाने बळ मिळतं.

११. औषध घेणं म्हणजे हरणं नव्हे

स्वतःशी बोलून सगळं जमेल असा आग्रह धरू नये. ओसीडीवर मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं गुणकारी ठरलेली आहेत. नैराश्यापेक्षा इथे बरेचदा जास्त मात्रा लागते आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जाऊ शकतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नये, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःहून सोडू नये. सुरू करणं, वाढवणं, थांबवणं हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने. औषधाने माझ्या मनातल्या शंकांचा आवाज खाली आला, आणि मग सरावाला जागा मिळाली.

मानसोपचार मोठ्या शहरातच मिळतो असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो फोन करा किंवा जवळच्या माणसाला उठवा. अशा वेळी थांबायचं नसतं.

१२. आजार परत डोकावला तरी शिकलेलं जात नाही

परीक्षेचे दिवस, घरातलं आजारपण, झोप कमी झाली की शंका पुन्हा जोर धरतात. त्या दिवसांत आपण पुन्हा पहिल्या जागी आलो असं वाटतं. तसं नसतं. काय चाललं आहे हे आता कळतं, काय करायचं हेही ठाऊक असतं. एखाद्या संध्याकाळी विचारलं गेलं, तर पुढच्या शंकेला न विचारण्याची संधी असतेच. स्वतःला रागावून त्यात भर घालायची नाही.

हे वाचणाऱ्यांतलं कुणी आत्ता, या क्षणी, कुणाला काही विचारायला निघालं असेल, तर त्यांना माझं सांगणं आहे. पाच मिनिटं थांबून बघा. तगमग वाढेल, तिला वाढू द्या, आणि हातातलं काम सुरू ठेवा. पाच मिनिटं जमली तर उद्या दहा करून बघा. आणि या आठवड्यात एका डॉक्टरची वेळ घ्या. हा आजार उपचारांना दाद देतो. मी त्यातून चालत आले आहे, तुम्हीही चालू शकाल.